पाटी लावली की मालक सुटला?

मा. संपादक,

‘पाणी समोर दिसत असताना पाय टाकणाऱ्याने मालकाला जाब विचारू नये,’ हा ओल्या जिन्यावरून घसरणाऱ्यांना दिलेला कालच्या अंकातला सल्ला वाचला. लेखकमहाशय बहुधा लिफ्टनेच ये-जा करत असावेत. सोबतच्या फोटोतल्या जिन्याशिवाय वर जायला वाट नाही. पाणी दिसले तरी माणसाने करायचे काय? आणि येणाऱ्याला जे क्षणात दिसते, ते मालकाला वर्षभर दिसत नाही?

धोका माहीत असणे वेगळे, तो राजीखुशीने पत्करणे वेगळे. कायदाही हा फरक करतो. पडणाऱ्याची चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, दावा बुडत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातले घंटाघर कोसळले, त्या खटल्यात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यालगतच्या इमारतीतला दोष उघड असो वा छुपा, जबाबदारी मालकाचीच धरली.

आता तो जिना. मिरर पॉलिशचा ग्रॅनाइट कोरडा असेतोवर ठीक. वर पाण्याचा थर आला की चप्पल दगडाला धरतच नाही. उतरताना भार चवड्यावर, पायरीच्या अगदी कडेशी येतो, म्हणून अँटीस्किड पट्टी कडेलाच हवी. इथे ती चांगली तीन बोटे आत आहे, शिवाय एका टोकाला उचकटलेली, म्हणजे घसरला नाही तो अडखळेल. कडेला मारलेल्या खाचा मळाने बुजून सपाट झाल्यात. कडक ब्रशने घासून काढायला खर्च शून्य. फिनाइल बादलीला झाकणभर पुरते, ओततात अर्धी बाटली. तो थर वाळतो आणि ओल्या चपलेखाली पुन्हा बुळबुळीत होतो. जिना एका वेळी अर्धाच पुसावा, कठड्याची बाजू कोरडी ठेवावी, पुसलेली बाजू वाळल्यावर... पण हे सांगणार कोण? पिवळी पाटी मात्र आहे, सर्वांत खालच्या पायरीशी! वरून येणाऱ्याला ती घसरून झाल्यावर वाचता येईल.

जाता जाता : आपल्याच शनिवारच्या पुरवणीत बाथरूमसाठी आरशासारख्या टाइल्स सुचवल्या होत्या. त्या छापण्याआधी दुकानदाराला आर-रेटिंग, म्हणजे टाइलची पकड सांगणारा आकडा (जितका मोठा तितकी पकड जास्त), तरी विचारायचे. आर९ कोरड्या खोलीला चालते. बाथरूमला निदान आर१०, उघड्या गच्चीला आर११ घ्या.

– एक वाचक, ठाणे