क्रेन मिळेपर्यंत थांब

चि. वैशू हिस बाबूजीचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. तू "बरं, ठेवते" म्हणालीस आणि तेव्हापासून तुझी माय माझ्याशी बोलली नाही. पहाटे तेंदूपानाला जायचं होतं म्हणून लवकर झोपले, असं तिचं म्हणणं. म्हणून लिहायला बसलो.

तू दुरुस्त करतेस त्या बोटीचं, पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील गळतंय, तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप घडीघडी सुरू होते, मालकाला पाऊस लागायच्या आत बोट हलवायची आहे आणि ती पाण्याबाहेर उचलायला क्रेनचा नंबर लागत नाही. हे सगळं समजलं मला. पण पाण्यात उभ्या बोटीचा शाफ्ट काढायचा? बाहेरून पाणबुड्या प्लास्टिक गुंडाळणार आणि आत तू शाफ्ट गिअरबॉक्सला जोडणारं कपलिंग खोलणार, त्या प्लास्टिकवर माझा भरवसा बसत नाही. एवढंच सांगायचं होतं. बाकी तुला माझ्याहून जास्त कळते.

आपण विहिरीच्या पंपाच्या ग्लँडा, शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरी ठासतात त्या, भरल्या होत्या, आठवतात? जुनी दोरी आकड्यानं पूर्ण उकरायची, नवीन कडी तिरपी कापायची, एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. आणि नट हातानंच आवळायचे, कारण ग्लँड थेंब थेंब गळलीच पाहिजे. कोरडी पडली की शाफ्ट खाते. तुझ्या त्या रबरी सीलचं तसं नाही म्हणतेस. ते गळायला नको, आणि बोट पाण्यात उतरवल्यावर सीलचा शाफ्टला टेकणारा रबरी ओठ दाबून आतली हवा काढायची, पाणी आलं की सोडायचं, नाहीतर कोरडं फिरून जळते. हे तू मला शिकवलंस. मी ते बाजारातल्या दुकानदाराला सांगितलं, तर तो म्हणे हे कुठं वाचलं भाऊ. म्हटलं, पोरीनं सांगितलं.

पण वैशू, विहिरीवर पंप बंद केला की काम संपलं. तिथं पाणी खाली आणि आपण वर. बोटीत भोकच पाण्याच्या खाली. मी हिशोब करून पाहिला. इंचभर भोक, दोन फूट खोल, तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येते. तुझा बिल्ज पंप कागदावर तेवढं ओढतही असेल. नळी वर चढली, बॅटरी उतरली की निम्मंसुद्धा ओढत नाही, हे तुला पंपवाल्याच्या पोरीला काय सांगू. आणि सील काही बाजूनं घालता येत नाही. कपलिंग सोडवून शाफ्ट मागं सारावाच लागते. तो सरकला आणि हातातून निसटला तर?

देवकाकाचं मी काढणार नव्हतो. काढत नाही. इटियाडोह धरणाचं पाणी तर किती शांत होतं त्या दिवशी.

कपलिंग गंजून बसलं असेल तर हातोडा मारू नको, मार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाते. मधात एखादा सॉकेट ठेव, लांब बोल्ट घाल, एकेक करून सारखे आवळ, शाफ्ट आपोआप बाहेर येईल. सील चढवताना किल्लीच्या खाचेवर प्लास्टिकची बाही घाल, खाचेची धार सीलचा ओठ कापते. होज क्लिपा नवीन घे, जुन्या चांगल्या दिसल्या तरी. पाहा, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. माफ कर. सातवीत होतीस तेव्हा आंब्याखालच्या इंजिनाचं हेड तू खोललं होतंस, आणि मी नुसता पान्हे देत होतो.

21 मे 2018 ला नौदलाची शिडाची बोट तारिणी जगाला वळसा घालून गोव्याला परतली, तेव्हाचा पेपरातला तो फोटो पंपघराच्या भिंतीवर अजून आहे. तिच्यावरच्या त्या सहाजणींकडे बोट दाखवून तू म्हणाली होतीस, यांची बोट बिघडली तर कोण दुरुस्त करते? मला उत्तर देता आलं नाही. आता बँकेत साहेब विचारतात पोरगी काय करते, तर मी सांगतो, शिडाच्या बोटीचं इंजिन खोलते. ते दुसऱ्यांदा विचारतात. मी दुसऱ्यांदा सांगतो, जरा मोठ्यानं.

उन्हाळी धान कापून झालं. मोटार जळाली होती, ती भरून आणली. अण्णाच्या घरचं तुला मायच सांगेल, मी त्यात पडत नाही.

मालक घाई करत असेल तर त्याला सांग की बाबूजी म्हणतात, क्रेनच्या रांगेत उभं राहू. माझं नाव लाव, वाईटपणा माझ्यावर येऊ दे. तोवर पंप चालू ठेवा, बॅटरी चार्ज ठेवा, रात्री कोणीतरी बोटीवर झोपा. तू नको, दुसरं कोणी. बरं, तूच झोपशील, माहीत आहे मला.

क्रेन मिळाली तर बोट पाण्यात परत उतरल्यावर एक-दोन दिवस थांबून मगच कपलिंगची लाईन पाहा. बोट पाण्यात बसली की तिचं अंग बदलते असं तूच म्हणाली होतीस. चार इंची कपलिंगला चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारावे भाग, त्याहून जास्त फट नको. आणि एक राहिलंच. जुनं सील निघाल्यावर शाफ्टवर नख फिरव. नख अडकलं तर तिथं खाच पडली आहे, नवीन सीलही गळेल. ते मालकाला आधीच सांगून ठेव आणि पैशाचं बोलून घे.

तुझे,
बाबूजी