कार्पेटसाठी फवारणी पंप घेताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. कार्पेट धुण्याचं मशीन घेऊन झालं, आता प्री-स्प्रेसाठी, म्हणजे मशीन फिरवण्याआधी कार्पेटवर केमिकल फवारायला, स्वस्तातला पंप कोणता घेऊ, आणि टाकी पाच लिटरची की सोळा, असं तू विचारलं आहेस. टाकीचं नंतर बघू. पंप बंद पडतो तो आतल्या पाच-सहा रबरी रिंगांमुळे, आणि काम बिघडतं ते टोकाच्या नोझलमुळे. टाकी साध्यातली साधी चालेल. या दोन ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नकोस.

आधी रबर. स्वस्त पंपात बहुतेक वेळा नायट्राइल असतं. त्यावर एनबीआर लिहिलेलं असतं. त्याच्या वरचे दोन प्रकार म्हणजे ईपीडीएम आणि व्हायटन. आपलं रोजचं प्री-स्प्रे अल्कलीधर्मी, पीएच साधारण ९ ते ११. त्याला ईपीडीएम उत्तम, आणि नंतर धुण्यासाठी मारायचं सौम्य आम्लाचं रिन्सही त्याला झेपतं. पण तेलकट डागांसाठी संत्र्याच्या सालीतलं सॉल्व्हंट, म्हणजे डी-लिमोनीन, त्यात गेलं की ईपीडीएम फुगतं. आधी दांडा जड चालतो, मग मध्येच अडकतो, आणि जोर लावला की रिंग कापली जाते. व्हायटनचं नेमकं उलट: सॉल्व्हंटला खंबीर, पण तीव्र आणि गरम अल्कलीत हळूहळू कडक होऊन तडकतं. विकणारा व्हायटनचं कौतुक करील. रोज अल्कलीच मारायचं असेल तर त्याचे जादा पैसे देण्यात अर्थ नाही. मोठा पंप ईपीडीएमचा घे आणि सॉल्व्हंटसाठी लिटरभराची व्हायटनवाली हातबाटली वेगळी ठेव.

रिंग कशाची आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर रिंगांचा जादा संच घेऊन त्यातली एक तुझ्या केमिकलमध्ये, वापरतोस तेवढंच पातळ करून, तीन दिवस बुडवून ठेव. मग कोरड्या रिंगेशेजारी ठेवून बघ. फुगली, चिकट झाली किंवा नखाची खूण तशीच राहिली, तर तो पंप नको. आणि जादा संच मिळतच नसेल, तर पंप कितीही स्वस्त असो, तो महागच पडणार. रिंगांना वंगण फक्त सिलिकॉन ग्रीसचं. हाताशी असतं म्हणून व्हॅसलीन लावशील, तर त्यातल्या पेट्रोलियममुळेही ईपीडीएम फुगेल.

ट्रिगर एकदा उघडून बघ. आत एक छोटी स्प्रिंग असते आणि पाणी तिच्यावरूनच जातं. ती साध्या लोखंडाची असेल तर रात्रभर उभ्या राहिलेल्या पंपाचा सकाळचा पहिला फवारा तांबूस निघतो, आणि तो पडतो फिकट कार्पेटवर. ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली की सकाळी खरं काय ते कळतं.

आता नोझल. शेती-बागेच्या पंपाबरोबर बहुधा फिरवून कमी-जास्त करायचं, शंकूसारखा गोल फवारा मारणारं नोझल येतं. ते पानांसाठी ठीक. कार्पेटवर त्याचं धुकं होतं. अर्धं भिंतीवर आणि फर्निचरवर बसतं, थोडं तुझ्या नाकात जातं, आणि खाली गोल कडा उमटतात. ते काढून चपटा पंखा मारणारं नोझल लाव. त्यावर ८००२ असा आकडा असतो: ८० म्हणजे पंख्याचा कोन, ०२ म्हणजे ४० पीएसआय (सुमारे पावणेतीन बार) दाबाला मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, साधारण पाऊण लिटर. ८००४ दीड लिटर सोडतं. रंगाने ओळखायचं तर ०२ पिवळं, ०४ लाल. ८० अंशांचं नोझल जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर धरलं की सुमारे ५० सेंटिमीटरचा पट्टा पडतो. पंख्याच्या कडेला पाणी विरळ असतं, म्हणून पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा.

प्री-स्प्रेचं प्रमाण साधारण १ लिटरला ४० ते ५० चौरस फूट. दाट लोकरी कार्पेट जास्त पितं. (लोकरीला पीएच ९ ते ११ चं केमिकल मुळीच नको, तिच्यासाठीचं सौम्य वेगळं मिळतं.) म्हणजे २०० चौरस फुटांच्या खोलीला ४ ते ५ लिटर. पिवळ्या नोझलने याला सहा मिनिटं लागतात, लालने तीन. केमिकल मुरायला १० ते १५ मिनिटं द्यायची असतात आणि ते वाळू द्यायचं नसतं. सहा मिनिटं फवारत बसलास तर पहिला कोपरा शेवटच्या कोपऱ्याच्या बराच पुढे गेलेला असतो. मी लालच घेईन.

टाकीचा प्रश्न इथे येतो. हाताने हवा भरायच्या पंपात दाब टिकत नाही. समज, वर २ लिटर हवा आहे आणि दाब दाखवणाऱ्या गेजवर ३ बार. दोन लिटर फवारून झाले की त्याच हवेला ४ लिटर जागा मिळते आणि गेज १ बारवर येतं. धार तेव्हा जेमतेम ५८ टक्के उरते, पंखाही आक्रसतो. म्हणजे खोलीच्या एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला तहानलेलं. उपाय सोपा: टाकी तीन चतुर्थांशच भर आणि दर लिटरला पुन्हा दहा-पंधरा झटके मार. रोज एक-दोन खोल्या असतील तर हा पंप पुरे.

रोज चार-पाच खोल्या असतील तर बॅटरीचा पाठीवरचा पंप घे. दाब एकसारखा मिळतो. १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी आणि मोटर अडीच अँपिअर ओढणारी असेल तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात कमीच. त्याला बारीक नोझल लावलं तर मोटर देते जास्त आणि नोझल सोडतं कमी. मग प्रेशर स्विच सतत चालू-बंद होतो आणि फवारा धडधडत येतो. वेग कमी करायचं बटण असलेला बघ. सोळा लिटर भरला की वीस किलोच्या वर जातो, तेव्हा दहाच भर. घेण्याआधी पाणी भरून पाठीवर घे आणि खाली वाक. झाकणातून पाणी मानेवर आलं तर तो तिथेच ठेव, कारण उद्या तिथून अल्कली येणार आहे. झाकणातलं हवेचं भोकही तपास. ते बुजलं की टाकी आत खचते आणि मोटर नुसतीच ओरडते.

मशीनच्याच प्रेशरवर चालणारा इन-लाइन स्प्रेयर सर्वांत सोयीचा, पण मशीनचा दाब त्याला पुरेल याची खात्री करूनच. पहिल्या खरेदीत त्याची घाई नको.

वापरातल्या चुका तीनच. पावडर बादलीत कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळूनच टाकीत ओत. टाकीत टाकून हलवलीस की खडे जाळीत बसतात. संध्याकाळी दाब सोडून लिटरभर साधं पाणी नळी-नोझलमधून काढ, नाहीतर अल्कलीचे पांढरे खडे धरतात (धरलेच तर पातळ व्हिनेगरने सुटतात). आणि हायड्रोजन पेरॉक्साइड कधीही बंद टाकीत ठेवू नकोस. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, दाब वाढतो, टाकी फुटू शकते. लागेल तेवढंच कालव, उरलेलं काढून टाक. तणनाशक मारलेला जुना पंप फुकट मिळाला तरी घेऊ नकोस.

पंप घरी आला की नोझल मापाच्या भांड्यात धरून घड्याळ लावून एक मिनिट सोड. किती पडलं ते आणि नोझलवरचा आकडा मला कळव. केमिकल किती पातळ करायचं ते त्यावरून ठरवू.

तुझा मित्र