चिनूची रजा आणि तुझी समिती

पुणे, १२ जुलै

प्रिय सुलू,

चिनूला दिवस गेलेत. डिसेंबरच्या मध्यावरची तारीख दिली आहे. ती तुला स्वतः फोन करणारच आहे, तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ओरड, नाहीतर रुसेल.

मी मात्र लिहितेय ते त्या आनंदाच्या पाठोपाठ आलेल्या काळजीपोटी. ही काळजी तुझ्याशिवाय कुणापुढे मांडू? नंदाला सांगितलं तर ती आत्तापासूनच डिंकाचे लाडू वळायला घेईल, आणि देशपांडे सर म्हणतील, "होईल गं सगळं." त्यात तू नेमकी तुमच्या विद्यापीठाच्या रजा-नियमांच्या समितीवर आलीस. म्हणून चिनूचं काय अडतंय ते सविस्तर सांगते. तिच्यासारख्या मुली तुझ्याकडेही असणार, आणि मसुदा तुझ्या हातात आहे.

तिच्या पीएचडीच्या गाइडनी रजेला लगेच हो म्हटलं. माणूस भला आहे. विभागप्रमुखांचीही सही होईल. घोडं रजेवर अडलेलं नाही, पैशावर अडलंय. आणि ते कुणाच्या दुष्टपणामुळे नाही. रजेचा नियम एका कागदात आहे, फेलोशिपचा दुसऱ्यात, आणि पैसे ज्या प्रोजेक्टमधून येतात त्याची मुदत तिसऱ्यात. हे तिन्ही कागद एकत्र ठेवून वाचणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

पहिला कागद यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा. २०१६ च्या नियमावलीत आणि मग नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमावलीतही पीएचडी करणाऱ्या मुलींना पूर्ण कालावधीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजेची सोय आहे. पीएचडीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, स्त्रियांना त्यावर अजून दोन; एकूण दहाच्या वर नाही. चांगलं आहे. पण ही नियमावली पदवीची आहे. त्या २४० दिवसांत हातात किती पडणार, हे ठरतं दुसऱ्या कागदात.

दुसरा कागद फेलोशिपचा. डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, २६ जून २०२३ च्या ज्ञापनाप्रमाणे जेआरएफला (पहिल्या दोन वर्षांतल्या कनिष्ठ फेलोला) ३७,००० आणि एसआरएफला (त्यापुढच्या वरिष्ठ फेलोला) ४२,०००, अधिक घरभाडं. पुणे मोठ्या शहरांच्या 'एक्स' वर्गातलं, म्हणून ३० टक्के, म्हणजे जेआरएफला ११,१००. महिन्याचे झाले ४८,१००. प्रसूती रजेबद्दल अट अशी की ती भारत सरकारच्या नियमांप्रमाणे मिळेल, आणि तो नियम १८० दिवसांचा. आता वजाबाकी कर. दोनशे चाळीसमधून एकशे ऐंशी गेले, उरले साठ दिवस. रजा आहे, पैसे नाहीत. रकमेत सांगायचं तर ९६,२००. आणि हे साठ दिवस येतात कधी, तर बाळाला वरचं खाणं सुरू होतं, पहिलं सर्दीपडसं होतं, पाळणाघरवाले "अजून जरा मोठं होऊ द्या" म्हणतात, तेव्हा. त्या वेळी मुलगी बिनपैशाची रजा घेते नाहीतर रडत लॅबमध्ये येते. दोन्ही आपण पाहिलंय.

तिसरा कागद प्रोजेक्टचा, आणि खरी मेख तिथे आहे. चिनूचा प्रोजेक्ट तीन वर्षांचा, येत्या ३१ मार्चला संपतोय. १ डिसेंबरपासून रजा धरली तर १८० दिवस २९ मेला पुरे होतात. त्यातले १२१ दिवस प्रोजेक्टच्या आत, ५९ बाहेर. गाइड म्हणतात, "सहा महिन्यांची मुदतवाढ मागू." मागावीच. पण ती विनाखर्च मुदतवाढ असते, सुलू. वेळ मिळतो, नवा पैसा येत नाही. मनुष्यबळाच्या, म्हणजे फेलोशिपच्या, खात्यात शिल्लक नसेल तर त्या सहा महिन्यांत पोरीने काम करायचं कशावर? आणि प्रवास किंवा रसायनांच्या खात्यातून मनुष्यबळाकडे पैसे वळवायचे तर प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या एजन्सीची आधी परवानगी लागते. मार्चमध्ये जागं होऊन ती मिळत नसते.

चिनूच्या बाबतीत एक वाट आहे. प्रोजेक्ट एप्रिलमध्ये सुरू झाला, पण जाहिरात, मुलाखती, कागदपत्रं यांत ती रुजू झाली पुढच्या जानेवारीत. म्हणजे मंजूर रकमेत नऊ महिन्यांची फेलोशिप न वापरलेली आहे: ४८,१०० च्या हिशेबाने ४,३२,९००. मात्र मंजूर असणं वेगळं आणि खात्यात असणं वेगळं. पहिल्या वर्षीची शिल्लक बहुतेक पुढच्या हप्त्यात वळती झाली असणार. तेव्हा मुदतवाढीच्या अर्जात नुसतं "सहा महिने द्या" असं लिहून भागणार नाही. खर्चाचं खातेनिहाय विवरण जोडायचं, सरकारच्या जीएफआर १२-ए नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर वापरले त्याचा दाखला) जोडायचं, आणि स्पष्ट लिहायचं की मनुष्यबळ या शीर्षाखाली मंजूर असलेली पण न वापरलेली इतकी रक्कम मुदतवाढीच्या काळात वापरू द्यावी, कारण संशोधक प्रसूती रजेवर आहे. हा अर्ज दिवाळीच्या आत गेला पाहिजे. जानेवारीत गाइड अर्ज लिहीत असतील तेव्हा चिनू रात्री-बेरात्री उठत असेल, आणि तिच्या सहीसाठी फाइल पडून राहील.

आणखी एक. तिची दोन वर्षं जानेवारीत पुरी होतात, म्हणजे जेआरएफची एसआरएफ व्हायची वेळ ऐन रजेत. एसआरएफचे महिन्याला ५४,६००, फरक ६,५०० चा. समिती बसली नाही तर बढती लांबते, आणि रजेवरून रुजू झाल्या दिवसापासून धरायची की देय तारखेपासून यावर घोळ होतो. मी तिला सांगितलंय, नोव्हेंबरातच सादरीकरण करून टाक, आणि इतिवृत्तात "देय दिनांकापासून" हे शब्द लिहून घे. दर सत्राच्या संशोधन सल्लागार समितीचंही तेच. एक बैठक रजेच्या आधी, दुसरी परतल्यावर. मधल्या सत्राचा प्रगती अहवाल माफ असल्याचं लेखी नसेल तर "अहवाल नाही" म्हणून फेलोशिप थांबते.

तुला कविता यादव यांचा निकाल आठवत असेल. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात त्या कंत्राटावर सीनियर रेसिडेंट डॉक्टर होत्या. १ जून २०१७ पासून रजा मागितली, कंत्राट ११ जूनला संपत होतं, तर त्यांना सांगितलं की तुम्हाला ११ दिवसांचाच लाभ मिळेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तो निर्णय फिरवला: प्रसूतीचे लाभ कंत्राटाच्या मुदतीबरोबर संपत नाहीत. चिनूचे ५९ दिवस आणि त्यांचे ११ दिवस, प्रश्न तोच. फक्त फेलो म्हटली की कार्यालय म्हणतं, ही विद्यार्थिनी, कर्मचारी नव्हे. हजेरीला कर्मचारी आणि हक्काला विद्यार्थिनी! याचा मला मनापासून राग येतो. न्यायालयात जायची वेळ कुठल्याच ओल्या बाळंतिणीवर येऊ नये, म्हणून तुमच्या नियमातच लिहा की प्रोजेक्टची मुदत संपली तरी उरलेल्या प्रसूती रजेचे पैसे विद्यापीठ देईल.

आता इथे आपलं जुनं भांडण येणार. तू म्हणायचीस, नियम चोख लिहिला की काम झालं. मी म्हणायची, नियम राबवणारा माणूस बघ. त्या भांडणात कॅन्टीनचा चहा कितीदा गार झाला! अजूनही मी माझ्याच बाजूला आहे, पण अर्धं तुझं मान्य करते: राबवणाऱ्याला हाताशी धरायला ओळ लागते. म्हणून रजेच्या आदेशाचा नमुनाच नियमाला परिशिष्ट म्हणून जोड. "रजा मंजूर करण्यात येत आहे" एवढ्यावर अकाउंट्स पैसे सोडत नाही. आदेशात असं हवं: "दि. अमुक ते दि. तमुक, १८० दिवस, पूर्ण फेलोशिप व घरभाडे भत्त्यासह प्रसूती रजा. त्यापुढील ६० दिवस बालसंगोपन रजा, विद्यापीठ निधीतून. हा कालावधी पीएचडीच्या कमाल मुदतीत धरू नये." प्रत गाइडला, लेखा विभागाला, एजन्सीला. आणि परतल्यावर फिटनेस सर्टिफिकेटसह रुजू अहवाल त्याच दिवशी. तो राहिला की पुढचा महिना अडकतो, मग बाकी सगळं कितीही चोख असो.

ज्या मुलींना यूजीसीची नेट फेलोशिप आहे त्यांचं दुखणं वेगळं. कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाच्या मेकरने दरमहा नोंद करायची आणि चेकरने ती मान्य करायची. मेकरला वाटतं, मुलगी येत नाही तर नोंद कशाची? तो महिना कोरा सोडतो. पैसे बुडत नाहीत, पण थकबाकी होऊन येईपर्यंत घरभाडं थांबत नसतं. रजेचा आदेश त्या टेबलावर पोचला पाहिजे, नुसता विभागात नको. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या मुलींची मंजुरीपत्रं वेगळी, अटी वेगळ्या. नोंदणीच्या दिवशीच त्या अटींची प्रत फाइलला लाव, पोट दिसायला लागल्यावर शोधाशोध नको.

माझं खरं मागणं एकच आहे: तुमच्या विद्यापीठात या कामासाठी निधी उभा कर. त्याचं काम दोन प्रकारचं. एजन्सीचे पैसे लांबले तर महिन्याच्या पाच तारखेला विद्यापीठाने आगाऊ द्यायचे आणि थकबाकी आली की वळते करून घ्यायचे. आणि वरचे साठ दिवस विद्यापीठाने स्वतः सोसायचे. वर्षाला अशा पाच मुली धरल्या तरी साठ दिवसांचे ४,८१,००० होतात. एका दीक्षान्त समारंभाच्या मांडवाकडे बघ आणि मला सांग हे परवडत नाही. पण त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष हवं, म्हणजे अर्थसंकल्पात वेगळं खातं. शीर्ष नसेल तर वित्त अधिकारी इच्छा असूनही एक रुपया देऊ शकत नाहीत. वित्त व लेखा समिती, व्यवस्थापन परिषद, मग अधिसभेत अर्थसंकल्प. आत्ता शीर्ष सुचवलंस तर पुढच्या एप्रिलपासून पैसे हलतील.

गर्भपात झाला किंवा बाळ राहिलं नाही तर काय, हेही मसुद्यात असू दे, कितीही जड वाटलं तरी. केंद्राच्या नियमांत गर्भपाताला पूर्ण सेवेत ४५ दिवस आहेत, आणि मृत जन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास ६० दिवस विशेष रजा २०२२ पासून आहे. त्या अवस्थेत कुणाला अर्ज कुठल्या नियमाखाली करू असं विचारत फिरायला लागू नये. आणि बापाचंही बघ. चिनूच्या अभिजितलाही बाळ होणार आहे, पण यूजीसीची नियमावली फक्त मुलींबद्दल बोलते. केंद्रीय कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, तेवढी तरी फेलोशिपसह लिही.

जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी, १९९५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या, २००४ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं. ते लहान मुलं असलेल्या तरुण संशोधिकांना पैसे देतं ते घरकामाला आणि मूल सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी, म्हणजे बाईला लॅबसाठी तास मिळतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे खंड पडलेल्या बायकांना परत आणायला डीएसटीची महिला वैज्ञानिक योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली, डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) बायोकेअर आली, आणि अशा योजना हव्यातच. पण ही सगळी खटपट मुलगी बाहेर पडल्यानंतरची. दोन महिन्यांच्या पैशांनी आणि पाळणाघराच्या छोट्या भत्त्याने ती मुळात बाहेरच पडणार नाही, त्याचं बघ.

आईंचं मोतीबिंदूचं झालं का? श्रीपाद बंगलोरहून आला की नाही? तुझ्या नव्या घराचे फोटो नंदाकडे पाहिले, गॅलरी मोठी आहे, जाई लाव. माझा गुडघा तसाच, शुगर ताब्यात.

मसुदा समितीपुढे जायच्या आधी मला पाठव, लेखाशीर्षाचा भाग मी वाचून देते. आणि चिनूच्या गाइडना तू एक फोन कर. माझ्यापेक्षा तुझं ऐकतात. शिल्लक रकमेचा आकडा त्यांनी या महिन्यातच अकाउंट्सकडून लेखी घ्यायला हवा.

तुझी,
वसुधा