नकाशाला बॅटरीची खबर हवी

महोदय,

विजेवर चालणाऱ्या मोटारींची चर्चा बहुधा किंमत आणि चार्जिंग केंद्रांची संख्या याभोवतीच फिरते. लांबच्या प्रवासात मात्र चालकाची सारी भिस्त समोरच्या पडद्यावरील नकाशावर असते आणि त्या नकाशाला बॅटरीची खबर नसेल तर काय होते, हे मी नुकतेच अनुभवले.

निघताना मोबाइलवरील अ‍ॅपने चार्जिंग केंद्रापर्यंत २२ टक्के चार्ज शिल्लक राहील असे दाखवले होते. वाटेत लांब चढण लागली, वाराही समोरून होता, आणि केंद्रावर पोहोचलो तेव्हा अवघे ७ टक्के उरले होते. तेथील एका यंत्राचा पडदा काळा पडलेला होता, तर दुसऱ्यावर चार्जिंग सुरू होऊन मिनिटभरात बंद पडत होते. नकाशावर मात्र दोन्ही यंत्रे ‘उपलब्ध’ होती.

सगळा दोष अ‍ॅपला देणे योग्य नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, चढणीला आणि कडाक्याच्या थंडीत वीज अधिक लागते, आणि हा सारा हिशेब करणारी अ‍ॅप्स आज आहेत. परंतु अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले या, मोबाइलवरील अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर दाखवणाऱ्या सोयींनी मोबाइल जोडला तरी अनेक गाड्या बॅटरीची स्थिती अ‍ॅपला कळवतच नाहीत, त्यामुळे निघताना हाताने भरलेल्या आकड्यावरच पुढचा सारा अंदाज चालतो. उलट बाजूनेही तोच प्रकार. पुढचा थांबा जलद चार्जरचा आहे हे गाडीला आधी कळले, तर ती सोय असलेली गाडी वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणते. ते कळले नाही तर थंड बॅटरी रेंगाळत चार्ज होते आणि चालक ताटकळत राहतो.

म्हणून मालकाची संमती असेल तेव्हा त्याने निवडलेल्या कोणत्याही अ‍ॅपला बॅटरीची माहिती देणे वाहन कंपन्यांवर बंधनकारक व्हावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. सार्वजनिक चार्जर चालू आहे की बंद, मोकळा आहे की व्यग्र, ही माहिती खुली करण्याचे बंधन युरोपीय संघात १४ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहे. तसे बंधन सर्वत्र हवेच. शिवाय त्या यंत्रावर शेवटचे चार्जिंग केव्हा यशस्वीपणे पूर्ण झाले, ती वेळही नकाशावर दिसली पाहिजे, कारण मिनिटभरात बंद पडणारे यंत्रही नकाशाला चालूच वाटते.

– एक वाहनचालक वाचक