टोकन देण्याआधी सातबारा वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत भूखंडांच्या जाहिराती वाढतात आणि पहिल्यांदाच जमिनीत पैसे गुंतवू पाहणारी नोकरदार मंडळी सुटीच्या दिवशी जागा पाहायला बाहेर पडतात. अशाच एका रविवारी, 2018 साली, आम्ही उभयतांनी पुण्याजवळच्या दोन गुंठ्यांसाठी 51 हजार रुपये टोकन दिले होते. तेव्हा आमच्या हातून झालेल्या चुका नवखे लोक आजही तशाच करत आहेत, म्हणून हे पत्र.

आम्हाला मिळालेली पावती साध्या पावतीपुस्तकातली होती. तिच्यावर गट नंबर (जमिनीचा सरकारी नोंदीतला क्रमांक) नव्हता, जमीनमालकाचे नाव नव्हते आणि व्यवहार मोडल्यास पैसे परत मिळण्याची अटही नव्हती. ‘सातबारा क्लिअर आहे’ या एजंटाच्या शब्दावर आम्ही विसंबलो. पंधरा दिवसांनी उतारा हाती आला, तेव्हा भोगवटादारांच्या (जमीनधारकांच्या) रकान्यात अकरा नावे निघाली, त्यांतल्या दोन बहिणींना या विक्रीची कल्पनाही नव्हती आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. पैशांसाठी आठ महिने खेटे घातले, तरी पूर्ण रक्कम परत आली नाहीच.

वास्तविक हा उतारा राज्य सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर घरबसल्या विनामूल्य पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीची प्रत 15 रुपयांत मिळते. त्यामुळे पहिल्या भेटीतच गट नंबर मागावा आणि तो द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर बोलणी तिथेच थांबवावीत. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, तर तिच्या विक्रीला सरकारी परवानगीची अट असते. ‘इतर अधिकार’मध्ये कुळाची वा बोजाची नोंद दिसली, तर संबंधित फेरफार (ती नोंद कशी झाली हे सांगणारा सरकारी दस्त) काढून वाचावा. त्यानंतर स्वतःच्या वकिलाकडून (एजंटाने सुचवलेल्या नव्हे) 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा तपासणी अहवाल) घ्यावा आणि जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. या फीमध्ये काटकसर करू नये.

‘एनए प्रपोज्ड’ (अकृषिक वापर प्रस्तावित) या शब्दांनी तर कित्येकांची फसगत होते. प्रस्तावित म्हणजे मंजूर नव्हे. मंजूर रेखांकन आणि अकृषिक वापराची कागदपत्रे हाती नसतील, तर ती जमीन शेतजमीनच समजावी. कुळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्यावर निर्बंध घालणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात वेळोवेळी सवलती जाहीर होत असल्या, तरी उद्या मिळू शकणाऱ्या सवलतीच्या भरवशावर आज आयुष्याची पुंजी गुंतवणे मला धोक्याचे वाटते. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागले, तरी आपले दोन गुंठे नेमके कोठे आहेत आणि तिथवर जाणारा रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, हे प्रश्न उरतातच. त्यासाठी मोजणीचा नकाशा पाहावा आणि जागेवर जाऊन हद्दीच्या खुणा ताडून घ्याव्यात.

500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या क्षेत्रावर भूखंड पाडून विकणाऱ्या विकासकाला महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी त्याला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ही तरतूद माझ्या ओळखीतल्या बहुतेक नवख्या खरेदीदारांना ठाऊकच नव्हती.

येथे आपल्याकडे एक मागणी आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराच्या प्रकल्पांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोडही आवश्यक आहे. ज्या भूखंडांना ही नोंदणी लागू आहे, त्यांची जाहिरात क्रमांकाशिवाय आपण स्वीकारू नये. तसेच रविवारच्या पुरवणीत एखादा सातबारा, नावे झाकून, रकान्यानुसार समजावून देणारे सदर सुरू करावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे