जुने मोटरहोम घेताना टायर तपासा

महोदय,

निवृत्तीनंतर अमेरिका पाहण्यासाठी जुने मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊ पाहणाऱ्या इथल्या मराठी मंडळींना अनुभवाने सांगावेसे वाटते की, गाडी फारशी चाललेली नाही एवढ्यावर भुलू नये. आमच्या १९९४च्या गाडीचे फोर्डचे ७.५ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन लिटरला जेमतेम तीन किलोमीटर धावते. तो खर्च आम्ही गृहीतच धरला होता. खरे नुकसान गाडी उभी राहिल्याने होते: पेट्रोल शिळे होते, रबरी नळ्या कडक होतात आणि नक्षी शाबूत असलेला टायरही आतून कमकुवत होतो. गुडघ्यावर बसून, टॉर्चच्या उजेडात मी टायरवरचा २३०९ हा आकडा, म्हणजे २००९चा तेविसावा आठवडा, वाचला, तेव्हा शेजारीच केसाएवढ्या भेगा दिसल्या. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवे होते. सहाही टायर आम्ही बदलले.

– एक वाचक, फिनिक्स, अ‍ॅरिझोना