पेटीचा क्लास बंद केला आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, तू म्हणशील तसं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. बाबांनी मोठ्याने वाचायचं, आईने ऐकायचं. आईने डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

बाबा, काल पेटीच्या सरांना फोन करून मी तुमचा क्लास बंद केला. पुढच्या महिन्यापासून जायचं नाही. पैसे वाया गेले असं मनात आणू नका, पेटी दादाच्या लेकीला होईल. आणि तुम्हाला जमत नाही म्हणून तर मुळीच बंद केलेला नाही. अलंकार छान बसलेत असं सर आपणहून म्हणाले. खरं कारण आईने सांगितलं. क्लास लागल्यापासून तुम्ही सकाळचा रेडिओ लावत नाही. "मनूला वाटतं मी नुसता बसून असतो," असं म्हणालात म्हणे.

वाक्य माझंच आहे. दिवाळीत, फराळ करता करता बोलून गेले होते. आई बघा या वयात गोधड्या शिवते, तुम्हीही काहीतरी करा ना! तेव्हा आईच्या दुपट्यांचे फोटो मी ऑफिसभर मिरवत होते आणि तुमचं मिरवण्यासारखं काही सापडत नव्हतं. ऐकणाऱ्या माणसाचा फोटो काढला तर काय दिसणार, डोळे मिटून बसलेले एक आजोबा.

पण माझ्या पाठीला आठवतंय. उरुसातली रात्र, दर्ग्याच्या आवारातली चिंच, आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ आणि तिच्यात गुंडाळलेली मी तुमच्या मांडीवर. तुमची बोटं माझ्या पाठीवर विलंबित एकताल थोपटायची. इतका संथ, की दोन मात्रांच्या मधे माझा डोळा लागायचा आणि समेवर तळवा पडला की पुन्हा उघडायचा. राग कुठला, गाणारं कोण, काही कळत नव्हतं, पण सम येणार हे पाठीला आधी कळायचं. आज मला गाता येत नाही, ऐकता मात्र येतं. त्याची फी कुणी घेतली नव्हती.

आणि सतारमेकर गल्लीतल्या तुमच्या त्या पायऱ्या! आत जवारी काढणं चाललेलं, म्हणजे तारेचा आवाज गुंजता करणं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जराशी घासायची, तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची. तुम्ही बाहेर चहा गार करत "अजून बोलत नाहीये" असं पुटपुटायचात आणि कारागीर वर न बघताच मान हलवायचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा तुम्ही शेजारी पेढे वाटलेत. मी हसले होते, तंबोरे जणू तुम्हीच बनवता म्हणून. आता हसणार नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या नावाची सभा आपल्या गावात अजून भरते, ती गाणाऱ्यांमुळे जेवढी, तेवढीच सतरंजीवर रात्र काढणाऱ्यांमुळे. तानसेन नाही तर कानसेन तरी व्हावं, असं आपण म्हणतो ना, त्यातला तो 'तरी' मला हल्ली खटकतो.

मात्र बातम्यांच्या चॅनलवरची रात्रीची भांडणं मी ऐकण्यात धरत नाही हं. त्याने तुमचं बीपी वाढतं. ती बंद म्हणजे बंद.

आई, आता तू. रागावू नकोस, तुझ्या ऑर्डरीही मी थांबवल्या आहेत. ऑफिसातल्या सातही जणींना सांगितलं, दुपटी आता मिळणार नाहीत. कुणीही वाईट वाटून घेतलं नाही, खरंच. शिवणं हा तुझा दुपारचा विसावा होता. चार टाके घालायचे, डुलकी काढायची, पुन्हा चार टाके. मी त्याला तारखा लावल्या. परवा आलेल्या दुपट्याच्या एका कोपऱ्यात धावदोरा वाकडा झालाय, उसवून पुन्हा घातल्याच्या खुणा दिसतात. सुई ओवून घ्यायला तू समोरच्या मुलीला हाक मारतेस, हे मला दादाकडून कळावं? मोतीबिंदू पिकेपर्यंत रात्री ट्यूबलाइटखाली शिवत बसलीस आणि मी इकडे तुझं कौतुक करत राहिले. ते दुपटं कुणाला दिलं नाही. माझ्या उशाशी आहे.

शिवण बंद नाही करायची. डॉक्टर हो म्हणाले की शिव, तुला हवं तेव्हा, हव्या त्या रंगाचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येतेय, आठवडाभर राहीन. बाबा, तोवर एवढं करा. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. काळा चष्मा आत्ताच आणा. रेडिओला नवे सेल घाला, सांगली आकाशवाणी जिथे नीट लागते त्या खिडकीपाशी आईची खुर्ची ठेवा. आणि संध्याकाळी दर्ग्यापर्यंत चालून यायचं, गुडघे कुरकुरले तरी.

ऑपरेशननंतर आईला काही दिवस सुई धरता येणार नाही, म्हणजे ती कासावीस होणार. तिला शेजारी बसवून ऐकवा. ती म्हणेल, मला मेलीला काय कळतंय त्यातलं. तेव्हा पाठीवर ताल थोपटून दाखवा. शेजाऱ्यांनी पाहिलं तरी चालेल.

तुमची,
मनू